परत आलेला हात

त्या इस्पितळाच्या तळमजल्यावर, एक्स-रेच्या खोलीच्या पुढे एक लांबट खोली होती. दारावर 'व्यायामोपचार विभाग' अशी पाटी होती खरी, पण ती नव्या पोस्टमनशिवाय कुणी वाचली असेल असं वाटत नाही. सगळं इस्पितळ तिला 'हातांची खोली' म्हणायचं. आत एक मोठं लाकडी टेबल, विजेवर मेण पातळ करायचं भांडं, वाळूत गोट्या पुरून ठेवलेलं एक घमेलं, कपडे वाळत घालायचे चिमटे, चार रबरी चेंडू आणि शाळेतल्यासारखा एक कोनमापक. बाहेर बोळात एक लांबच लांब बाक. त्या बाकावर रोज सकाळी हात गळ्यात बांधलेली मंडळी नंबर लावून बसत: सुई बोटातून आरपार गेलेला शिंपी, दारात अंगठा अडकलेला ड्रायव्हर, जिन्यावरून पडलेल्या टायपिस्ट बाई.

या खोलीत अठ्ठावीस वर्षं एक बाई राज्य करत होत्या. राज्यच म्हणायचं, कारण मोठे डॉक्टरसुद्धा त्या दारातून आत येताना आवाज खाली आणत. बाई बुटक्या, जाड भिंगाच्या चष्म्याच्या आणि मनगटाने पैलवान. मोडलेलं हाड डॉक्टर जोडत, पण जोडलेल्या हाताला पुन्हा घास उचलायला, बटण लावायला शिकवायचं काम बाईंचं. त्यांचं एकच वाक्य इस्पितळभर माहीत होतं: "माझ्याकडून गेलेला हात परत येत नाही." हे त्या फुशारकीने सांगत नसत. बस किती वाजता सुटते हे सांगावं, तसं सांगत. आणि ते खरं होतं. अठ्ठावीस वर्षांत एक हात परत आला नव्हता.

बाईंची कामाची एक पद्धत होती. आखडलेलं बोट वाकवायचं आणि वाकलेलं धरून ठेवायचं, यात सगळी मेख. दुखायला लागलं की माणूस श्वास कोंडतो, श्वास कोंडला की खांदा वर जातो आणि खांदा वर गेला की बोटाचं लाकूड होतं. सुरुवातीला बाई आकडे मोजायला लावत. पण लोक भारी लबाड. सातपर्यंत बरे येत आणि आठ-नऊ-दहा एका दमात उरकत. म्हणून बाईंनी गाणं आणलं. पेशंटने एखादी चाल गुणगुणायची, बाईंनी सोबत गुणगुणायचं, चाल संपेपर्यंत बोट वाकलेलं. गुणगुणणाऱ्याला श्वास कोंडता येत नाही. आणि मध्ये बाईंची वाट चुकली, तर पेशंटने घाई केली असं समजून पुन्हा पहिल्यापासून.

आता यात एक अडचण होती, ती बाईंना सोडून सगळ्यांना ठाऊक होती. बाईंना सूर अजिबात कळत नव्हता. सरळ चाललेल्या चालीबरोबर त्या कशाबशा चालत, चाल जरा वळली की त्या आपल्या सरळच पुढे निघून जात, आणि मग थांबून म्हणत, "चुकवलंत तुम्ही. पुन्हा." बोट त्यांच्या मुठीत, तेव्हा वाद कोण घालणार? बाकावरचे जुने लोक नव्यांना आधीच सावध करून ठेवत. "सोपं काहीतरी घ्या हो. शाळेतली प्रार्थना घ्या. वळणं नकोत. बाई वळणावर पडतात."

बाईंचा नवरा मात्र संगीताच्या माहेरघरात कामाला होता. शहरातल्या जुन्या नाट्यगृहात तो पडदा ओढायचा. तीस वर्षं एका दोरीला धरून उभा. लोक त्याला पडदेवाले म्हणत आणि तोही स्वतःची ओळख तशीच करून द्यायचा, वर एक मान झुकवून. त्याच्या मते नाटक लेखक लिहितो, नट करतात, पण ते सुरू कधी झालं आणि संपलं कधी, हे तोच ठरवतो.

या नाट्यगृहाचे संगीतकार म्हणजे मास्तर. मास्तरांची कीर्ती मोठी, पण चढायला अवघड. त्यांच्या चालींना इतकी वळणं की गायिका तालमीच्या वहीत बाणांनी वाट काढून ठेवत. त्यांचं गाणं सुरू झालं की पहिल्या दोन रांगांतले जाणकार डोळे मिटून घेत. मागच्या रांगांतलेही मिटत, पण त्यांची कारणं वेगळी असत. तरी मास्तरांचं नाव होतं, आणि त्या नावावर निम्मं नाट्यगृह भरायचं. निम्म्यावर मालक दिवस काढत होते.

मग ती शिंक आली.

तालमीला पडदा क्षणभर आधी पडला म्हणून मास्तर पियानो सोडून तावातावाने बाजूच्या अंधारात गेले, दोरीजवळच्या कठड्यावर उजवा हात आपटला आणि म्हणाले, "पडदेवाले, तुमच्यात आणि संगीतात काही वैर आहे का?" पडदेवाले उत्तर देणार, तेवढ्यात त्यांना शिंक आली. दोरी हातभर सुटली. पडद्याला तोलून धरणारं लोखंडी वजन हातभर खाली आलं आणि कठड्यावर टेकलं. मध्ये मास्तरांची दोन बोटं होती.

घरी येऊन पडदेवाले चप्पल न काढताच खुर्चीत बसले.

"अगं, एक झालंय."

"काय केलंत?"

"मी काही केलं नाही. शिंक आली."

"मग त्यात तोंड पांढरं करून बसायला काय झालं?"

"वजन बसलं."

"कशावर?"

"मास्तरांवर."

बाई चटकन उठून उभ्या राहिल्या. "सगळ्या मास्तरांवर?"

"नाही गं. दोन बोटांवर."

"कुठली दोन?"

पडदेवाल्यांनी मान वर करून बायकोकडे पाहिलं. आपल्या नोकरीचं, अब्रूचं काय होणार, हे विचारायचं सोडून ही बाई बोटांची नावं विचारत होती. "अनामिका आणि करंगळी," ते म्हणाले. "उजवी."

"सहा आठवडे प्लास्टर," बाई म्हणाल्या. "मग माझ्याकडे येतील. चप्पल काढा."

सहा आठवड्यांनी मास्तर आले. बाकावर बसायची सवय नसल्याने सरळ आत घुसले आणि बाईंनी त्यांना तितक्याच सरळ बाहेर पाठवलं. नंबर आल्यावर हात मेणात बुडवून, टॉवेलात गुंडाळून, मऊ करून बाईंनी करंगळी हातात घेतली. करंगळी खिळ्यासारखी ताठ.

"काहीतरी गुणगुणा."

मास्तरांना जरा बरं वाटलं. वेदनेतसुद्धा रसिक भेटला म्हणायचा. त्यांनी आपली सगळ्यात गाजलेली चाल काढली. बाईंनी बोट वाकवलं आणि सूर लावला. तिसऱ्या वळणावर मास्तर डावीकडे गेले आणि बाई सरळ.

"चुकवलंत," बाई म्हणाल्या. "पुन्हा."

"मी? मी चुकवलं? अहो, चाल माझी आहे!"

"असेल. पण मध्येच वाट सोडलीत तुम्ही."

"वाट सोडली नाही, ते वळण आहे! त्या वळणासाठी लोक लांबून येतात!"

"वळायची काय गरज होती? सरळ जाता येत होतं की. श्वास कोंडू नका. पुन्हा."

त्या दिवशी त्या एका चालीने मास्तरांचं बोट अकरा वेळा वाकलं. बाहेर बाकावर शिंपी ड्रायव्हरला म्हणाला, "बिचाऱ्याला कुणी सांगितलं नाही वाटतं."

दुसऱ्या दिवशी मास्तर घरून दुसरी चाल करून आले, वळणं निम्मी. बाई दुसऱ्या ओळीपर्यंत आल्या आणि पडल्या. तिसऱ्या दिवशी आणखी सोपी. मास्तर आता घरी पियानोपाशी बसत ते संगीतासाठी नव्हे, सुटकेसाठी. ही जागा सुंदर आहे, पण इथे बाई घसरतील, काढा. हा स्वर गोड आहे, पण इथून बाई भलत्याच घरात शिरतील, काढा. तीन आठवड्यांनी एका सकाळी मास्तरांनी आठ ओळींची एक चाल धरली. ती घरातून निघून चौकापर्यंत जावी आणि परत यावी, इतकी सरळ होती. बाई तिच्याबरोबर शेवटपर्यंत पोहोचल्या. बोट सुटलं. मास्तरांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. बाईंना वाटलं, गाणं दुःखाचं असेल.

नव्या नाटकाला गाणी हवीच होती. मास्तरांकडे दुसरं काही तयार नव्हतं, म्हणून त्यांनी हीच चाल गायिकेला शिकवली आणि शरमेने तालमीला खाली मान घालून बसले. पहिल्या प्रयोगाला मागच्या रांगांनी डोळे उघडले. मध्यंतरात लोक पायऱ्यांवर ती चाल गुणगुणत उभे होते. आठवडा गेला नाही तो शहरातला दूधवाला ती शिटीवर वाजवत होता. मग दुसरी चाल आली, तिसरी आली. दोन बोटं, त्यांचे सांधे आणि तळव्याचा एक हट्टी स्नायू मिळून सात चाली झाल्या. नाट्यगृहाबाहेर माणसं उभ्याने प्रयोग बघायला तयार झाली. पडदेवाल्यांना एका प्रयोगाला नऊ वेळा पडदा वर घ्यावा लागला आणि ते खांदा चोळत घरी आले, नवरदेवासारखे.

आता एवढं यश म्हटल्यावर त्याला कारण हवं. वर्तमानपत्रातल्या समीक्षकाने लिहिलं की वेदनेच्या अग्नीतून संगीत शुद्ध होऊन निघालं. मालकांचं म्हणणं सोपं होतं: उजव्या हाताच्या तीनच बोटांनी वाजवायचं म्हटल्यावर माणूस फालतू काही वाजवत नाही. मोठे डॉक्टर आपलं प्लास्टर किती हलक्या हाताने घातलं होतं, ते सांगत. पडदेवाले कुणाजवळ काही बोलत नसत, पण गर्दीत चाल ऐकू आली की रुमाल काढून नाक पुसत आणि बायकोकडे अर्थपूर्ण बघत. शिंक शेवटी त्यांचीच होती.

खुद्द मास्तरांनी समीक्षकाचा पक्ष धरला. "वेदना हीच माझी गुरू," असं ते मुलाखतीत सांगू लागले, हात छातीशी धरून. एका बुटक्या बाईला वळण घेता येत नाही म्हणून मी सरळ चालतो, असं छापून आलेलं कुणाला आवडेल? आणि खरं सांगायचं तर त्यांनाही ते तसं स्पष्ट उमगलं नव्हतं.

बाईंना कुणी विचारलं नाही. विचारलं असतं, तर त्यांनी कोन सांगितला असता. करंगळी चाळीसवरून पंचावन्नवर आली होती.

एके दिवशी मालक हातांच्या खोलीत आले. हात धडधाकट, तरी बाकावर नंबर लावून बसले.

"बाई, कसा आहे आमच्या मास्तरांचा हात?"

"छान आहे. महिनाभरात सुटेल."

"सुटेल म्हणजे?"

"बरा होईल. पूर्ण."

मालकांचा चेहरा असा उतरला की बाईंनी सवयीने त्यांची नाडी धरली. "घाई काय आहे म्हणतो मी," मालक म्हणाले. "नाजूक काम. वर्ष घ्या, दोन वर्षं घ्या. आमचं काही म्हणणं नाही."

"माझं आहे. उठा, मागे लोक बसलेत."

मग घरी पडदेवाल्यांनी तोच विषय काढला. खूप वळसे घेऊन काढला. बायको वळणावर पडते हे तेही विसरले होते.

"सरळ बोला," बाई म्हणाल्या. "हात अर्धाच बरा करू, असं म्हणायचंय?"

"अर्धा नाही गं." पडदेवाले कळवळले. "पाऊण."

"तुम्ही मोडलात म्हणून मी सरळ करतेय. एकाच घरातून हात मोडायचाही आणि मोडका ठेवायचाही?"

"चाळीस माणसं आहेत थिएटरात. कधी नव्हे ते भरतंय. मी तुझ्या पाया पडू का?"

"पडा. त्या निमित्ताने तुमची गुडघ्याची वाटीही बघता येईल."

खरी गोष्ट अशी होती की त्याच आठवड्यात मास्तरांनी बाईंना एक विचारलं होतं. टेबलावर हात पसरून, दुसरीकडे बघत. "बाई, पूर्ण होईल ना? चार वर्षांचा असल्यापासून दहा बोटांनी वाजवतोय. आता टाळ्या पडतात त्या आठ बोटांना. ही दोघं घरात आहेत, पण त्यांना जेवायला कुणी बोलवत नाही, असं वाटतं." बाईंनी त्यावर "श्वास कोंडू नका" एवढंच म्हटलं होतं. पण त्यानंतर त्यांना पाऊण हात करता येणं शक्य नव्हतं.

महिन्याने हात सुटला. मास्तरांनी दहाही बोटं बाईंच्या टेबलावर पळवून दाखवली. बाईंनी कोन मोजला, वहीत लिहिला, खाली रेघ मारली. "आता येऊ नका," म्हणाल्या. ही त्यांची निरोप द्यायची पद्धत.

मास्तरांनी पुढच्या नाटकाला दहा बोटांचं संगीत दिलं. वर्षभराची उपासमार झालेली ती दोन बोटं सगळ्यात जास्त बोलली. वळणांना वळणं फुटली. पहिल्या दोन रांगांनी आनंदाने डोळे मिटले. तिसऱ्या आठवड्यात त्या दोनच रांगा उरल्या. पायऱ्यांवर कुणी काही गुणगुणत थांबेना. लोक छत्र्या उचलून भराभर घरी जात. मालकांनी मास्तरांना गयावया करून ती दोन बोटं चिकटपट्टीने बांधायला लावली. मास्तरांनी तेही केलं. तीन बोटांतून दहा बोटांचा गोंधळ बाहेर पडला. तीन बोटांचा सिद्धांत अशा रीतीने वारला. मालकांनी त्याचं नाव काढणं सोडलं, एवढंच.

मग नाट्यगृहाच्या फळ्यावर सूचना लागली. दोन महिन्यांनी प्रयोग बंद, इमारत फर्निचरच्या गोदामाला.

शहराने दोष कुणाला दिला असेल? बाईंना. बाजारात एक अनोळखी बाई त्यांना थांबवून म्हणाली, "तुम्हीच ना त्या? किती गोड होता हो मास्तरांचा हात, बिघडलेला असताना!" टायपिस्ट बाईंनी, ज्यांचं मनगट बाईंनी लोण्यासारखं करून दिलं होतं, त्यांनीही सुस्कारा सोडला. पडदेवाले घरात बोलेनासे झाले. खिडकीपाशी बसून पडद्याची दोरी ओढत, सोडत, पुन्हा ओढत. बाई दोनदा म्हणाल्या, "अहो, एकदा काय ते ठरवा, उजेड हवा की नको." बाईंना पहिल्यांदाच असं झालं की आपण काम चोख केलं आणि ते आठवून झोप येईना.

एका गुरुवारी सकाळी बाई खोली उघडायला आल्या, तर बाकावर मास्तर. उजवा हात गळ्यात बांधलेला.

अठ्ठावीस वर्षांत परत आलेला पहिला हात. त्यांनी नंबरही न बघता त्यांना आत घेतलं, चष्मा पुसला, हात टेबलावर घेतला. सांधा न् सांधा चाचपला. कोन तीनदा मोजला. हात इतका उत्तम होता की शरीरशास्त्राच्या पुस्तकात छापावा.

"कुठे दुखतं?"

"करंगळीच्या मुळाशी."

बाईंनी तिथे दाबलं. मास्तर गप्प. मग अनामिकेला नुसतं बोट लावलं.

"आई गं!"

"आता करंगळी म्हणालात."

"तिथेही आहे."

खरी कळ आधी डोळ्यांत येते आणि मग तोंडात, हे बाईंना झोपेतही कळलं असतं. यांची कळ आधी तोंडात आली होती. "मास्तर," त्या म्हणाल्या, "नाटकं तुमच्या थिएटरात करा."

मास्तरांनी गळ्यातली पट्टी काढून टेबलावर ठेवली. आता ते कुणी मोठे संगीतकार दिसत नव्हते. "थिएटर राहणार कुठे आहे, बाई? सगळं करून पाहिलं. त्या सात चाली या खुर्चीत आल्या, एवढंच मला माहीत आहे. का आल्या, देव जाणे. वेदनेने आल्या, असं मीच सांगत सुटलो. परवा मुद्दाम दारात बोट चेपून पाहिलं. नुसती शिवी आली. चाल नाही आली."

दार उघडंच होतं. बाकावरचा शिंपी या वेळी दुसऱ्या हातात सुई टोचून घेऊन आला होता, म्हणजे जखम नवी, हात दुसरा. तो उठून दारात आला आणि त्याने घसा साफ केला.

"बाई, एक बोलू? रागावणार नाही ना?"

"बोट सुजवून आलायस, तुझ्यावर काय रागावू? बोल."

"मास्तर तुमच्यासाठी सोपं करत होते. आम्ही सगळेच करतो."

"म्हणजे?"

शिंप्याने बाकाकडे पाहिलं. बाकावरच्या सगळ्यांनी आपापल्या पट्ट्यांकडे पाहिलं. "म्हणजे बाई... तुम्ही वळणावर पडता. चाल वळली की तुम्ही चुकता आणि बोट पुन्हा वाकतं. म्हणून वळणच ठेवायचं नाही. हे या बाकावर सगळ्यांना माहीत आहे. माझ्या आधीपासून."

खोलीत मेणाचं भांडं तेवढं गुरगुरत होतं. बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. अठ्ठावीस वर्षं त्या समजत होत्या की सगळं शहर बेसूर आहे आणि आपण त्याला हाताला धरून नेतोय.

"मी चुकते?" त्यांनी हळूच विचारलं.

"थोडंसं," शिंपी म्हणाला. आणि मग, मनाने चांगला माणूस म्हणून, "प्रेमाने चुकता पण."

मास्तर मात्र टाळूवर गार पाण्याचा थेंब पडावा तसे दचकून बसले होते. त्यांच्या चेहऱ्यावरून एकेक वळण उतरताना दिसत होतं. सात चाली. वेदना गुरू नव्हती. गुरू समोर बसून चष्मा पुसत होती, आणि तिला 'सा' कळत नव्हता.

बाईंनी रुमाल खिशात घातला. त्यांना वाईट वाटलं असेल, तर ते त्यांनी नंतरसाठी ठेवून दिलं. "हात द्या," त्या म्हणाल्या. "नवीन काय केलंत ते म्हणा."

मास्तरांनी नवी चाल धरली. बाई दुसऱ्या वळणावर पडल्या. सवयीने त्यांनी बोट वाकवलं. बोट लोण्यातून सुरी जावी तसं वाकलं आणि मास्तरांनी तीच चाल, तशीच, एकही जागा न बदलता पुन्हा म्हटली.

"हे असं नाही व्हायचं," बाई म्हणाल्या. "दुखत नाही, म्हणून तुम्हाला घाई नाही."

"मग दुखवा ना! जोरात वाकवा!"

"मी? बरा केलेला हात दुखवू? इस्पितळ आहे हे." बाईंनी दाराकडे बोट केलं. "उठा. बाकावर जाऊन शेवटी बसा. नंबर आला की पुन्हा म्हणा."

"पुढे नऊ जण आहेत, बाई! मी काय..."

"दहावे तुम्ही."

मास्तरांना आयुष्यात कुणी कधी रांगेच्या शेवटी परत पाठवलं नव्हतं. ते एक ड्रायव्हर आणि एक बेकरीवाला यांच्या मध्ये दीड तास बसले. बेकरीवाल्याने पायाच्या कुरुपाची सगळी हकिगत सांगितली. नंबर आला तेव्हा चालीतलं एक वळण कमी झालं होतं. बाई तिसऱ्या ओळीवर पडल्या. "बाकावर." दुसऱ्या फेरीला सगळा बाक कामाला लागला. "मास्तर, ते मधलं काढा हो, आमच्या बाईंना झेपायचं नाही." "तिथे उचकी दिल्यासारखं काय करता? सरळ खाली या." मास्तर चिडले, "हे संगीत आहे, भाजी निवडणं नाही," असं म्हणाले, आणि ते मधलं काढलं. चौथ्या फेरीला बाई शेवटपर्यंत पोहोचल्या. पोहोचल्यावर त्यांनी आधी मास्तरांकडे नाही, शिंप्याकडे पाहिलं. शिंप्याने मान हलवली: बरोबर.

एवढं सगळं झालं आणि वहीचा प्रश्न उरला. दुखणं नसलेल्या माणसाला त्या खोलीत बसवायला इस्पितळाची परवानगी नव्हती. हात बरा असं लिहिलं, तर मास्तरांचं येणं तिथेच संपलं. येणं संपलं, तर गोदाम. बाईंनी पेन उघडलं. बराच वेळ नुसतं धरून बसल्या. मग नेहमीच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं: 'उजवा हात. अनामिका, करंगळी. पुन्हा दुखतात. दर गुरुवारी.'

मोठ्या डॉक्टरांनी दोन दिवसांनी वही चाळली. "बाई, हा तुमच्याचकडून गेला होता ना?"

"हो."

"परत आला?"

"आला."

"पहिलाच असेल."

"पहिलाच."

डॉक्टर स्वभावाने चांगले. त्यांनी वही मिटली आणि बाईंच्या खांद्यावर हात ठेवला. "चालायचंच. वय होतं आता आपलं." ते ओरडले असते, तर बाईंना पुष्कळ सोपं गेलं असतं.

चार गुरुवारांत चार चाली झाल्या. पाचव्या गुरुवारी नाट्यगृहाच्या फळ्यावरून सूचना निघाली. पायऱ्यांवर पुन्हा लोक रेंगाळू लागले, पडदेवाले पुन्हा खांदा चोळत घरी येऊ लागले आणि वर्तमानपत्राने मोठ्या मनाने जाहीर केलं की वेदना परतली आहे, अभिनंदन.

पुढच्या वर्षी मास्तरांचं चरित्र निघालं. जाड, सोनेरी अक्षरांचं. पडदेवाल्यांनी ते नाट्यगृहाच्या कपाटातून आणलं आणि सकाळच्या चहाला मोठ्याने वाचायला घेतलं, आपली शिंक कुठे येते ते बघायला. शिंक आली नव्हती; 'एका दुर्दैवी अपघातात' असं होतं. ते खट्टू झाले. मग चार पानं पुढे त्यांचा आवाज अडला.

"काय झालं?" बाई म्हणाल्या.

"काही नाही."

"वाचा."

"'इस्पितळातल्या एका कर्मचारी स्त्रीच्या सदोष उपचारांमुळे,'" पडदेवाले एकेक शब्द उचलत म्हणाले, "'मास्तरांचं दुखणं उलटलं. कलेचा इतिहास या हलगर्जीपणाचा कायमचा ऋणी राहील.'"

बाईंनी कप खाली ठेवला. बशीत थोडा चहा सांडला.

"सदोष?" त्या म्हणाल्या.

"मी पत्र लिहितो त्या चरित्रकाराला!" पडदेवाले उभे राहिले. तीस वर्षं नटांना जवळून बघितल्याचा त्यांच्या उभं राहण्यावर परिणाम झाला होता. "आज लिहितो! हलगर्जीपणा म्हणे! तुझी अठ्ठावीस वर्षं काय पाण्यात गेली? एक हात परत आला नाही, एक! सगळं सगळं लिहितो, त्या खोट्या कळेपासून त्या बाकापर्यंत!"

"बसा."

"का बसू?"

"तुम्ही लिहिलंत की मोठे डॉक्टर वही मागवतील. वहीतलं खोटं निघालं की मास्तरांचा नंबर बंद." बाईंनी बशीतला चहा परत कपात ओतला. "नवीन नाटकाची दोन गाणी राहिलीत अजून. एक परवा जमत आलं होतं. दुसऱ्या ओळीत जरा जास्त वळतात."

पडदेवाले उभेच होते. पुस्तकात बोट अडकवून, पत्राची पहिली ओळ ओठांवर घेऊन. मग ते हळूहळू खाली बसले.

"आणि मास्तरांना सांगा," बाई म्हणाल्या, "गुरुवारी लवकर या म्हणावं. कारखान्यातली आठ माणसं येणार आहेत, बाक भरलेला असेल."